तक्त्यात न बसलेले पियो सर

२ सप्टेंबर
डोकं फिरलंय! कोरियातल्या आमच्या या बिझनेस स्कूलला आंतरराष्ट्रीय मान्यता हवी, म्हणून प्राध्यापकांचा तक्ता माझ्या गळ्यात. शोधनिबंध छापणारे एका रकान्यात, न छापणारे 'इतर'मध्ये. 'इतर' दहा टक्क्यांच्या आत हवेत. आमच्याकडे अडतिसात चार. एक जास्त!

९ सप्टेंबर
डीन म्हणाले, "ओक बाई, पियो सरांचं नाव काढा."
"पण ते शिकवतायत!"
"मार्चनंतर नाही शिकवणार. करार वाढवत नाही आम्ही."

'इतर'मधले बाकीचे तिघे डीन शिकले त्याच कॉलेजचे. त्यांना कोण हात लावणार? पियो सरांनी थेगू शहरात पंचवीस वर्षं चष्म्याच्या फ्रेमचा कारखाना चालवला, बुडवला, पुन्हा उभा केला. धंदा कसा बुडतो ते शिकवतात. ते कुठून आणणार निबंध?

काढलं नाव. खाली माझीच सही. लाज वाटते.

१० सप्टेंबर
कँटीनच्या रांगेत सर भेटले. सगळं सांगून टाकलं. खोट्या तक्त्यावर सही केली, हेही. त्यांनी माझा चष्मा मागितला, खिशातल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने दांडी आवळली. "रडताना चष्मा काढत जा. स्क्रू ढिला होतो." वर स्वतःची किमची माझ्या ताटात वाढली! असल्या चांगुलपणामुळेच डीनचं फावतं!

२८ ऑक्टोबर
मान्यतेसाठी तपासणी करणारे पाहुणे उद्या येणार. स्वागताचा फलक लागला. कुंड्या भाड्याच्या. "पाहुणे असेपर्यंत पियो सरांनी आवारात फिरकू नये" — इति डीन. माणूस आहे की गळका नळ?

२९ ऑक्टोबर, दुपार
विद्यार्थ्यांशी पाहुण्यांची बैठक. कोरियन-इंग्रजी दुभाषी मी. डीनची ताकीद — सरांचं नाव निघालंच, तर 'कधीतरी येणारे पाहुणे व्याख्याते' म्हणायचं.

"सगळ्यात जास्त कोणाकडून शिकलात?" आठपैकी सहा जण म्हणाले, पियो सर! पाहुण्या बाईंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "हे नाव यात नाही?"

सांगितलं. "दर मंगळवारी, गुरुवारी शिकवतात. नाव मी काढलं. काढायला लावलं म्हणून." किती हलकं वाटलं!

२९ ऑक्टोबर, संध्याकाळ
माझ्या टेबलावर सरांचा स्क्रूड्रायव्हर. खाली त्यांचा राजीनामा — "यापुढचे तास बिनपगारी, पाहुणा म्हणून घेईन." तारीख मुद्दाम मागची, ८ सप्टेंबर. माझ्या सहीच्या आदल्या दिवसाची. मी खोटी ठरू नये म्हणून! आणि मी दुपारीच सगळं सांगून बसले.