डावा तळहात

७ जानेवारी १९७४, सोमवार. सकाळी ८ वाजून १० मिनिटे.
अप्पांना पेज भरवत होतो. तीन चमचे घेतले, तोंड फिरवलं. अंगावरून वारं गेल्याला आज चाळीस दिवस. डॉक्टरांनी तक्ता दिलाय — जेवण, आंघोळ, कपडे, चालणं, अशी दहा कामं. स्वतः केलं तर दहा गुण, मदतीनं पाच, नाहीच तर शून्य. आज एकूण ३५. जेवणाला शून्य. उजवा हात तर चांगला आहे! 'भूक न्हाय,' एवढंच म्हणतात.

९ जानेवारी
वजन दीड किलोनं घटलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर दवाखान्यात ठेवू, नाकातून नळी घालावी लागेल. उद्यापासून आंघोळीआधीच भरवायचं ठरवलं — थकण्याआधी चार घास जातील.

१० जानेवारी
एकच चमचा.

११ जानेवारी
अव्वा चिडली. 'गुण लिवत बस तू, शिवयोगी! लिंगपूजेबगर ज्यानं कदी घास घेतला न्हाय, त्याच्या पारोशा तोंडात चमचा?'
म्हटलं, आजारी माणसाला माफ असतं, मठाच्या स्वामींनीच सांगितलं.
'तुझ्या अप्पास्नी इचारलंस? शिकलेला तू, म्हनून आई असून मी गप बसले.'
विचारलं नव्हतं. दुपारी अप्पांजवळ बसलो. विचारलं. म्हणाले, पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, आणि तोच हात गेलेला. आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात कुणी नसताना घेऊन बघितलं होतं. 'वाकळंवर पडलं. तुझ्या अव्वाला सांगू नको.'
माझ्या तक्त्यात त्या दिवशी लिहिलंय — तब्येत ठीक.

१२ जानेवारी
आधी आंघोळ. डाव्या हाताची बोटं एकेक उलगडली, खाली माझा तळहात धरला. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग त्यांनीच काढलं. भस्म लावलं, बेल वाहिला. अर्धा तास. माझ्या हाताला मुंग्या आल्या, हललो नाही.
मग दुधात कुस्करून अर्धी भाकरी — आपल्या हातानं. मी चमचा उचलला तर म्हणाले, 'हो तिकडं. मी काय तान्हा हाय?'

१४ जानेवारी, संक्रांत
नळी टळली. डॉक्टरांनी विचारलं, औषध कुठलं बदललं? म्हटलं, आंघोळीची वेळ बदलली.

२ फेब्रुवारी
पूजा चालू असताना अप्पा म्हणाले, 'हात काड.' मी ऐकलंच नाही असं केलं.
'काड की, शिवयोगी.'
काढला. वीतभर खाली तसाच धरून ठेवला.
'तितनं बी.'
तिथूनही मागं घेतला. लिंग अप्पांच्या तळहातावर तसंच राहिलं.