सात डबे आणि खरा नाताळ

रविवार, ३० नोव्हेंबर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. पाळकसाहेबांनी उपदेशात विचारलं, नाताळातून करंज्या वजा केल्या तर काय उरतं? सगळं चर्च हसलं. मी हसलो नाही. मी ठरवलं. यंदा आपल्याकडे खरा नाताळ. फराळ नाही, नवे कपडे नाहीत, चांदणी नाही. रोज पहाटे पाचला प्रार्थना. शुगर फॅक्टरीत एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. पाच म्हणजे पाच.

इंदूला सांगितलं. ती म्हणाली, मनवा लग्नानंतर पहिल्यांदाच नाताळाला येतेय, जावई येतोय, त्यांच्यापुढे ठेवू काय? म्हटलं, बायबलमधलं वचन ठेव. ती भांडी घासायला आत गेली. बहुतेक पटलं.

सोमवार, १ डिसेंबर, सकाळी ७.४०

गजर वाजला होता म्हणे. श्रीरामपुरात थंडी फार पडलीय. प्रार्थना अंथरुणातच केली. डोळे मिटलेले असल्यामुळे संपली कधी ते कळलं नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पाळकसाहेबांनी पंचवीस तारखेच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांपुढे स्वतःचा अनुभव सांगायला, दहा मिनिटं दिली! विषय: मी खरा नाताळ कसा पाळला. अजून पाळायचाय, पण लिहायला घेतली. चार पानं झाली. एवढी वर्षं मागच्या बाकावर काढली, आता जरा पुढे उभं राहायला मिळेल.

मंगळवार, ९ डिसेंबर

अडचण. दिवाळीत आळीतल्या सात घरांतून फराळाचे डबे आले होते. ते दरवर्षी नाताळात इंदूच्या करंज्या भरून परत जातात. यंदा करंज्याच नाहीत. इंदू म्हणाली, रिकामा डबा मी कुणाच्या हातात देणार नाही, जीव गेला तरी. बायकांना साध्या गोष्टी अवघड वाटतात. मी प्रत्येक डब्यात सुंदर अक्षरात एकेक वचन लिहून ठेवलं. सात वेगवेगळी शोधणार होतो, पण मॅच होती. मग सगळ्यांना एकच लिहिलं, शोक करणाऱ्यांना सांत्वन मिळेल अशा अर्थाचं. माझं आवडतं आहे.

बुधवार, १० डिसेंबर

डबे स्वतः पोचवले. समोरच्या गहिनीनाथनं चिठ्ठी वाचली आणि डोक्यावरची टोपी काढली. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आप्पा, काय बी लागलं तर हाक मारा, आमी हाय. त्याची राहीबाई पदरानं डोळे पुसत होती. ऊसवाली माणसं, पण एका वचनानं पाझरली! हे साक्षीत घेतलं. पाचवं पान.

रविवार, १४ डिसेंबर

चर्चहून येताना बेकरीत थांबलो. केक फराळात मोडत नाही. दोन पीस. इंदूला सांगितलं नाही, उगाच तिची श्रद्धा डळमळेल.

मंगळवार, १६ डिसेंबर

घरोघर नाताळची गाणी म्हणणारी कॅरलवाली तरुण मंडळी ढोलकी, स्पीकर घेऊन फिरायला लागलीत. इथे ध्यानाला शांतता हवी. फाटकावर पाटी लावली. लिहायचं होतं 'या घरी यंदा सणाचा गाजावाजा नाही', पण 'गाजावाजा' मावेना. छोटं केलं: 'या घरी यंदा सण नाही. शांतता राखावी.' अर्थ तोच.

गुरुवार, १८ डिसेंबर

पाटीचा परिणाम जबरदस्त! गहिनीनाथ ट्रॅक्टरवरची गाणी आमच्या दारापाशी बंद करतो. भाजीवाली कुजबुजत मेथी विकते. राहीबाई दुपारी इंदूचा हात हातात घेऊन अर्धा तास गप्प बसून गेल्या. इंदू नंतर तोंडाला पदर लावून आत गेली. भारावली असावी.

शनिवार, २० डिसेंबर

मनवाचा फोन. पुण्यात सासूबाईंनी चार प्रकार केलेत, तुमच्याकडे काहीच नाही म्हणता तर आम्ही नाताळ इकडेच करतो. म्हटलं, जशी तुझी इच्छा. फोन ठेवल्यावर बरं वाटलं नाही. तिच्या खोलीतली जळमटं मी कालच काढली होती. इंदूनं मनवाच्या खोलीचं दार ओढून घेतलं. साक्षीत 'त्याग' हा भाग वाढवला. एकूण अकरा पानं.

मंगळवार, २३ डिसेंबर

आजपासून तीन दिवस मोबाईलचा उपवास. इंदूचा आणि माझा, दोन्ही स्विच ऑफ करून कपाटात. पंचवीसला जेवण फक्त पिठलं-भाकरी, असाही ठराव केला. संध्याकाळी दुरुस्ती: मटणाला कुठेही मनाई नाही. दीड किलो सांगून ठेवलं.

बुधवार, २४ डिसेंबर

कॅरलवाले आले. पाटी वाचली. ढोलकी खाली ठेवून, माना खाली घालून मिनिटभर उभे राहिले आणि न गाताच पुढे गेले. तरुण पिढीवर काय संस्कार झाला! तरी एखादं म्हणायला हरकत नव्हती. दरवर्षी म्हणतात. मी खिडकीतच उभा होतो.

गुरुवार, २५ डिसेंबर, संध्याकाळ

चर्च खचाखच. अकरा पानं खिशात. साक्षीची वेळ झाली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, आपल्यातल्या एका कुटुंबावर दुःख कोसळलंय, दोन मिनिटं उभं राहू या. मीही उभा राहिलो. कोण बिचारे असतील, म्हणून मनापासून प्रार्थना केली, डोळ्यांत पाणी आलं. मग ते म्हणाले, आप्पासाहेब, देव तुम्हांला सावरो, तुमचा फोनही लागला नाही, अशा मनःस्थितीत तुमच्याकडून साक्षीची अपेक्षा नाही. मी तोंड उघडेपर्यंत कॉयरनं गाणं सुरू केलं. शेजारी इंदूचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

घरी आलो तर दारात राहीबाई धरून सातही घरच्या बायका. प्रत्येकीच्या हातात तोच डबा, डब्यात पिठलं-भाकरी. दुःखाच्या घरात चूल पेटवायची नसते. वाटेत घेतलेलं, इंदूच्या हातातलं मटण राहीबाईंनी स्वतः फ्रिजमध्ये टाकलं, आज असलं खायचं न्हाई म्हणाल्या. मग हळूच विचारलं, कोन गेलं वो? आमाला कळवलं बी न्हाई. इंदू म्हणाली, कुणी गेलं नाही, ह्यांनी नाताळच घालवला.

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. राहीबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पंधरा दिस जिवाला घोर हुता, आप्पा. मला मान वर करता आली नाही. पिठलं तसंच गिळलं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. मनवा, मागून जावई. चर्चच्या ग्रुपवर 'आप्पासाहेबांच्या घरी दुःख' एवढंच वाचलेलं, आमचे दोन्ही फोन बंद. पुण्यापासून रडत आली होती. मला भाकरी मोडताना पाहिलं आणि उंबऱ्यातच बसली. मग उठून माझ्या पाठीत धपाटे घातले, आणि मग गळ्यात पडून पुन्हा रडली.

शनिवार, २७ डिसेंबर

सात डबे पुन्हा आमच्याकडे. रिकामे जाणार नाहीत. पाटी काढली. जावयानं चांदणी लावली. कालपासून इंदू लाटते, मनवा भरते, मी तळतो. मटण काल संपलं.

दुपारी पाळकसाहेब आले, ओशाळले होते. म्हणाले, साक्ष नव्या वर्षाच्या उपासनेत द्या. मी धावत कागद शोधायला गेलो. इंदूनं परातीकडे बोट दाखवलं. अकराच्या अकरा पानं करंज्यांखाली तेल टिपत होती. 'त्याग' तर आरपार दिसत होता.

पाळकसाहेबांनी पाच करंज्या खाल्ल्या. साक्षीचं पुन्हा काही बोलले नाहीत.