जे घडत नाही त्याच्या अटीवर दिलेले तळघर

मी, खाली सही करणारी, निवृत्त सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र घराच्या वरच्या खोलीत, माझ्याच टेबलाशी बसून, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या दीरांना तो पुरेसा वाटणार नाही, म्हणून डॉक्टरांनाच साक्षीला बसवले आहे.

कलम १. माझी मिळकत समजायची तर आधी माझे काम समजून घ्यावे लागेल. अमुक गोष्ट घडेल असे सगळ्यांना वाटत असते आणि ती घडत नाही, हे मी कागदावर सिद्ध करते. लेकीने शाळेत निबंधात लिहिले होते, ‘माझे बाबा शोध लावतात आणि माझी आई तो लागणार नाही असे सांगते.’ बाईंनी शेरा मारला, ‘घरातले वाद निबंधात आणू नयेत.’

निबंधातली माहिती अचूक होती. माझ्या यजमानांनी (यापुढे ‘हे’) असे एक यंत्र बांधले, ज्यात एक स्फटिक अतिशय थंड करून ठेवतात. त्या थंडीत तो कोणी न ढकलता आपोआप लयीत थरथरू लागेल, अशी त्या काळी मोठमोठ्यांची खात्री होती. माझ्याशी लग्न करताना यांचीही होती. लग्नानंतर मी चार पानांत सिद्ध केले की असे काही होत नाही. लेख छापून आला, माझे नाव झाले आणि यांनी घरात आठवडाभर अबोला धरला. मग म्हणाले, “तुझं तिसरं गृहीतक मला पटत नाही.” ते अजूनही त्यांना पटलेले नाही.

कलम २. स्फटिकाची थरथर दाखवणारा यंत्राचा काटा एकदा हलला होता, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते. हे आमच्या विभागाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतून धावतपळत चौथ्या मजल्यावर माझ्या खोलीत आले. “हललाय. एकदा नाही, दोनदा.”

“वर कसे आलात?” मी विचारले.

“लिफ्टने. का गं?”

हे लिफ्टने खाली गेले, तर काटा पुन्हा हललेला. लिफ्टच्या मेकॅनिकला बोलावून लिफ्ट बंद करायला लावली, तेव्हा काटाही गप्प झाला. यांचा चेहरा मला पाहवेना. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी जिना चढले. जिना गुडघ्यांना चांगला असतो, असे यांना सांगत आले. माझ्या गुडघ्यांचे मत वेगळे आहे.

कलम ३. किरकोळ वस्तू. लेक दातांची डॉक्टर आहे. तिला माझी पुस्तके, आरामखुर्ची आणि बँकेतली सगळी शिल्लक. तिने माझा फळा दवाखान्यात लावू नये, रोगी घाबरतील. आमच्या माजी विभागप्रमुखांनी पाहुण्यांशी माझी ओळख नेहमी ‘या त्यांच्या मिसेस’ अशी करून दिली. त्यांना माझा डस्टर द्यावा. कशासाठी ते त्यांनी विचारल्यास सांगू नये.

कलम ४. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते लेकीला, मात्र हे हयात असेपर्यंत त्यात राहण्याचा हक्क यांचा. तळघराची गोष्ट वेगळी आहे. निवृत्तीनंतर भंगारात निघालेले ते यंत्र यांनी तळघरात आणून पुन्हा जोडले. धाकट्या दीरांचे शेजारी फर्निचरचे दुकान आहे आणि त्यांना हेच तळघर गोदामाला हवे आहे. गेल्या महिन्यात ते जेवणाच्या टेबलावर म्हणाले, “वहिनी, तिथे काही होणार नाही हे तुम्हीच सिद्ध केलंय ना? मग दादा जागा अडवून का बसलाय?”

यांनी ताटातून मान वर केली नाही. माझाच सिद्धांत माझ्याच टेबलावर यांच्यावर उगारला जाईल, हे मला सुचले नव्हते. हे धाकट्या भावाला नाही म्हणू शकत नाहीत. मी डोळे मिटल्यावर महिन्याभरात त्या यंत्राच्या जागी कपाटे उभी राहतील. तसे होऊ द्यायचे नाही.

कलम ५. म्हणून तळघर मी दीरांनाच देत आहे. त्यांनी आनंद आवरून पुढे वाचावे. यांच्या हयातीत, चालू यंत्रात, तो स्फटिक आपोआप थरथरला आणि बाहेरच्या तीन शास्त्रज्ञांनी ते मान्य केले, तर त्या दिवशी तळघर दीरांचे. त्याआधी यंत्र बंद पडले किंवा हे गेले, तर तळघरही लेकीचे. तेव्हा यापुढे दीरांनी दुकानात करवत जपून चालवावी, यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या गाडीला वाट द्यावी आणि दादाच्या रक्तदाबावर लक्ष ठेवावे. काटा हललाच, तर यांना तळघराची गरज उरणार नाही. हे देशोदेशी भाषणे देत फिरतील.

कलम ६. येथे वकीलसाहेब अडले. म्हणाले, “बाई, अशक्य अट घातली तर ती देणगी टिकत नाही. दीर कोर्टात जातील, तुमची चार पानं दाखवतील आणि सगळं कलम उडवतील. ही गोष्ट होऊ शकते असं तुम्ही स्वतः लिहून द्यायला हवं.”

मी दोन दिवस मागून घेतले. ती चार पाने पुन्हा तपासली. गणित चोख आहे. तिसरे गृहीतक असे, की दूरदूरच्या कणांचा एकमेकांवर काही परिणाम होत नाही. ते सिद्ध केलेले नाही, नुसते मानलेले आहे. ते मानल्याशिवाय गणित सुटत नव्हते. आता तळघर आणि ही खोली यांच्यामध्ये दोन मजले आहेत, तरी खाली यांच्या हातून लोखंडी पाना पडला की मी इथे लिहायची थांबते.

सबब मी, पूर्ण शुद्धीत, जाहीर करते की हे ज्याची वाट पाहत आहेत, ते घडू शकते.

हे वाक्य माझ्या हयातीत यांना दाखवू नये, डोक्यावर बसतील. माझ्यामागे वकीलसाहेबांनी ते तळघरात, यंत्र चालू असताना, यांच्या उजव्या कानाशी वाचावे. डावा कान कामातून गेला आहे. पुन्हा वाचायला सांगितले, तर कंटाळा करू नये.

स्थळ: वरची खोली. तारीख: नऊ मार्च.

सही: मी स्वतः.

साक्षीदार: १. घरचे डॉक्टर. २. लिफ्टचे मेकॅनिक, निवृत्त. (जिना चढून आले.)

साक्षीदारांची नोंद: आमच्या सह्या चालू असताना खालून आवाज आला, “वर काय चाललंय गं?” बाईंनी जिन्याशी जाऊन सांगितले, “काही नाही.” हे उत्तर यजमानांनी आयुष्यभर ऐकलेले असल्यामुळे पुन्हा विचारले नाही.