अजून एक इंच

प्रिय चिमणे,

सात महिन्यांनी ताईचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. काल दुपारपासून मी शिलाई मशीनवर बसलेच नाही.

मागच्या खेपेला तू माझ्या बबडीच्या ताटाकडे बघत होतीस. ती घासाचे बारीक तुकडे करून नुसते फिरवते, सगळ्यांना आग्रहाने वाढते आणि स्वतः मैत्रिणीकडे खाल्लं म्हणून उठते, दिवसातून चारदा वजनकाट्यावर चढते, हे तू मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलंस. आणि मी? तुझी नर्सगिरी दवाखान्यातच ठेव म्हटलं. सतरा वर्षांची पोर जरा बारीक झाली तर तुझ्या का पोटात दुखतं, असंही म्हटलं. तू पिशवी उचलून निघालीस. मी साधी हाकही मारली नाही.

अगं, मला कौतुकच वाटत होतं. आपण सगळ्या भरल्या अंगाच्या, त्यात ही एकटी सडपातळ. तिचा निळा ड्रेस मी चार वेळा आत घेतला, नुसत्या टाचण्या लावून, अंदाजाने. घरच्या माणसाला दरवेळी कोण टेप लावतं? वर गिऱ्हाइकांना सांगायचे, जिद्द असावी तर अशी. ऐन उन्हात स्वेटर घालायची, मी म्हटलं फॅशन असेल. कंगव्यात केसांचे पुंजके निघाले, मी तेल बदललं. तीन महिने पाळी आली नाही, ती अभ्यासाचं टेन्शन म्हणाली आणि मी मान डोलावली.

काल ती पाचव्यांदा तो ड्रेस घेऊन आली. इतक्यांदा आत घेतलेल्या कापडात टाचणीने अंदाज येईना, म्हणून टेप लावली आणि माप लिहायला वही उघडली. तिच्या पानावर अकराव्या वर्षीच्या गणवेशाचं माप होतं. कंबर आजही तेवढीच. चिमणे, तेव्हा ती माझ्या खांद्यालाही लागत नव्हती गं! मी टेप पुन्हा लावून बघितली. ती आरशात बघत म्हणाली, "आई, अजून एक इंच घे ना आत. किती जाड दिसतेय मी."

जन्मभर जगाची मापं घेतली आणि पोटची पोर डोळ्यांदेखत झिजली ती दिसली नाही. मी ड्रेसच्या सगळ्या शिलाया उसवल्या. ती चिडून खोलीत जाऊन बसली. मी दारापाशीच बसून होते, रागावले नाही, तुझं सगळं बोलणं तिला सांगितलं. आतून आवाज आला, "मावशी अजूनही येईल का?"

तिला काय उत्तर देऊ? माझं चुकलं. तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची वेळ घे, पण आधी तू ये. दार उघडंच ठेवलंय.

तुझीच,
ताई