तेलकट डोकं आणि काउंटरची खुर्ची

३ मार्च

"तुम्हीपण दाखवायला आलात का?" — एका म्हातारबांनी आज मला विचारलं. मला! काउंटरच्या आत बसलेल्या बाईला! माझ्या हातात नंबरांच्या चिठ्ठ्या, समोर टेलिफोन, आणि त्यांची नजर थेट माझ्या भांगावर. वर सहानुभूतीने मान हलवली. माझा नंबर त्यांच्या आधी आहे का, तेही विचारून घेतलं.

नेमक्या मोठ्याबाई मागे उभ्या. डॉक्टरांची थोरली बहीण, दवाखान्याचा सगळा कारभार त्यांच्या हातात. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हसल्या नाहीत.

संध्याकाळी मला आणि नवीला, म्हणजे काउंटरवरच्या नव्या मुलीला, बोलावलं. एक तारखेपासून नवी जागा, काचेचं काउंटर, वर दिवे. समोर एकीनेच बसायचं, दुसरीने आत फायलींच्या खोलीत. कोण कुठे ते महिनाअखेर ठरेल म्हणाल्या. समोरच्याकडे बघून पेशंटला भरवसा वाटला पाहिजे, हेही म्हणाल्या. बघत मात्र होत्या नवीच्या केसांकडे. नवी दोन महिन्यांपूर्वी लागली. तिचे केस शांपूच्या बाटलीवरून उतरून आल्यासारखे आहेत. स्वभावाने वाईट असती तर रागवायला तरी सोपं गेलं असतं!

त्वचेचा आणि केसांचा दवाखाना. काउंटरवरचं डोकं म्हणजे दवाखान्याची पाटीच. आणि पाटीवरून तेल ठिबकतंय!

फायलींच्या खोलीला खिडकी नाही. मला माणसं लागतात. रडवेली, कावलेली, खाजवत आलेली — कशीही चालतील. फायलींशी काय बोलू? मला ती खुर्ची सोडायची नाही. बस्स.

४ मार्च

औषधाच्या दुकानात शांपूच्या फळीसमोर उभी राहिले. तेलकट केसांसाठी. कोरड्या केसांसाठी. मुळाशी तेलकट नि टोकाशी कोरड्या केसांसाठी. थकलेल्या केसांसाठी! केस कशाने थकतात? बसून तर असतात. एका बाटलीवर 'सामान्य केसांसाठी' लिहिलेलं. असे केस मी आजवर पाहिलेले नाहीत. असतील तर त्यांना शांपू कशाला हवा?

दुकानदाराला विचारलं, यातला चांगला कोणता? म्हणाला, सगळे चांगलेच आहेत, वास घेऊन ठरवा. वास घेतले. नवव्या बाटलीनंतर नाकाने काम सोडलं. हिरवी उचलली. हिरवं म्हणजे स्वच्छ असावं, असा हिशेब.

५ मार्च

हिरवी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकली.

८ मार्च

घरात बातमी फुटली. मीच फोडली, कारण न्हाणीघर अडवून ठेवल्याचं कारण द्यावं लागलं.

सासूबाईंचं म्हणणं, डोकं रोज धुतेस म्हणून ते रोज तेल सोडतं. त्याला वाटतं, काढून घेतात, भरून ठेवा. डोक्याला कमीपणा वाटू देऊ नकोस, म्हणाल्या. यांचं म्हणणं वेगळं. हे मोटार चालवायला शिकवतात, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला ब्रेक आणि क्लच असतो. "तेल गळतंय म्हणजे वायसर गेलाय. वरून धुऊन काय होणार?"

नवऱ्याने बायकोच्या डोक्याचा वायसर गेला म्हणावं आणि वर दुसरी पोळी मागावी. दिली नाही.

११ मार्च

लिंबाची बाटली. 'खोलवर सफाई.' खोलवर म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं. धुतल्यावर केस असे उभे राहिले की कंगवा अर्ध्यात अडकला. दवाखान्यात कंपाउंडरकाका दोनदा बघून म्हणाले, रात्री झोप लागली नाही का? आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तेल! सकाळी केरसुणी, संध्याकाळी समईची वात. एका दिवसात दोन्ही टोकं.

आज ती स्कार्फवाली मुलगी पुन्हा आली. कॉलेजातली असावी. कपाळापासून मानेपर्यंत डोकं घट्ट बांधलेलं. याआधी दोनदा दारातूनच परत गेली होती. आज माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग आत येऊन चिठ्ठी घेतली, बाकाच्या टोकाला बसलीसुद्धा. पण नंबर यायच्या आधी उठून गेली. चिठ्ठी बाकावर तशीच.

१३ मार्च

काखेत कळसा नि गावाला वळसा, हे मला कळत नाही असं नाही. केसांचा डॉक्टर माझ्या पाठीमागे, मधे फक्त एक प्लायवुडची भिंत. उठावं, विचारावं.

कसं विचारू? सहा वर्षं याच खुर्चीतून लोकांना दटावतेय — जाता जाता फुकट सल्ला विचारायचा नाही, नंबर लावा. नंबर लावायचा तर चिठ्ठी मीच मला द्यायची, मीच माझं नाव पुकारायचं. आणि डॉक्टर दिवा ओढून, भिंग लावून टाळू बघणार. त्यांच्या तोंडून एकदा 'अरे बापरे' निघालं की मोठ्याबाईंपर्यंत पोचायला कितीसा वेळ!

पण प्लायवुड पातळ आहे. आतलं सगळं ऐकू येतं. आजवर सभ्यपणाने ऐकत नव्हते.

१४ मार्च

मिळालं! सात नंबर — निवृत्त मुख्याध्यापक. चिठ्ठीवर मीच लिहिलं होतं, 'टाळू तेलकट'. ते आत गेले आणि मी खुर्ची भिंतीला लावली. आधी काही कुजबुज. मग डॉक्टरांचा आवाज, अगदी खणखणीत. गुलाबी औषधी शांपूचं नाव सांगितलं, आणि मग एकेक पायरी. मी बिलाच्या पाठीवर भराभर उतरवून घेतलं:

पाणी कोमट. शांपू थेट ओतायचा नाही, मगभर पाण्यात कालवायचा. मुळापर्यंत चोळायचा. नुसतं डोकं नाही — मान, पाठ, पोटसुद्धा. पाच मिनिटं तसाच ठेवायचा, तोवर शेजारी बसून गोड बोलत राहायचं, म्हणजे घाबरायला होत नाही. फेस तोंडात जाऊ द्यायचा नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. टॉवेलने टिपायचं. आणि मग उन्हात मोकळं पळू द्यायचं, वाळेपर्यंत.

पोटाचं ऐकून जरा थबकले. पण मोठे डॉक्टर असेच असतात. रोग डोक्यात दिसतो, मूळ भलतीकडे असतं. मुख्याध्यापक या वयात कसे पळणार, याची मात्र काळजी वाटली. बाहेर आले तेव्हा हातात मलमाची ट्यूब होती आणि चेहरा शांत.

१६ मार्च, रविवार

सगळं केलं. अक्षरशः सगळं.

मगात कालवलं, मुळापर्यंत चोळलं. मान, पाठ जमेल तशी, पोटही. मग पाच मिनिटं गोड बोलायचं. शेजारी बसायला कोणी नाही, मीच माझ्याशी बोलले. "झालं हं, आता झालंच. किती शहाणी आहे. कित्ती गुणाची." दारावर थाप. सासूबाई! आत कोण आहे म्हणून विचारत होत्या. मीच आहे म्हटलं. "मग गुणाची कोण?"

मग गच्चीवर पळाले. ऊन चांगलं होतं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी पहिल्या फेरीला हात केला, दुसऱ्या फेरीला बघत राहिल्या, तिसऱ्या फेरीला नवऱ्याला बोलावलं. पळतच राहिले. औषध म्हटलं की लाज सोडावी लागते.

१७ मार्च

संध्याकाळचे सहा — आणि डोकं कोरडं! हात लावून लावून पाहिलं. लावून लावून तेलकट होईल म्हणून मग थांबले.

१९ मार्च

नवीने विचारलं, "ताई, काय लावता हो? किती छान दिसतायत केस." मी? काही नाही, म्हटलं, कोमट पाणी. एकदम मोठेपणा आला मला. मोठ्याबाई आल्या, माझ्याकडे बघितलं, थांबल्या, पुन्हा बघितलं आणि मान हलवून गेल्या. चांगली हलवली की वाईट, ते कळलं नाही. चांगलीच असणार!

घरी हे म्हणाले, वायसर बसला वाटतं. आज मागायच्या आधीच दुसरी पोळी वाढली.

आता एका रांगेत बसलो तर मी नवीच्या नखाचीही बरोबरी करणार नाही, हे कळतं. पण खुर्चीपुरतं होईल. खुर्चीपुरतंच हवंय.

२४ मार्च

हसावं की रडावं! नाही, लिहितेच. कोणाला तरी सांगायलाच हवं आणि माणसाला सांगण्यासारखं नाही.

मोठ्याबाई आज त्यांच्या कुत्र्याला घेऊन आल्या. वासराएवढा, पिवळ्या केसांचा. नाव लाडोबा. बाहेरच्या बाकांपाशी उभ्या राहून डॉक्टरांना दाखवत होत्या, बघ कसा चमकतोय. आणि मग, शब्द न् शब्द ऐकला मी — "परवा तू फोनवर सांगितलंस ना, तसंच केलं. मगात कालवून, पोटापर्यंत. पाच मिनिटं त्याच्याशी बोलत बसले."

डॉक्टर म्हणाले, "आणि उन्हात पळवलंस?"

माझ्या कानांतून वाफा निघाल्या असतील. म्हणजे त्या दिवशी मुख्याध्यापक खुर्चीत बसलेले, आणि डॉक्टर मधेच फोनवर बहिणीला कुत्रं कसं धुवायचं ते सांगत होते! शांपू माणसांचाच, दुकानदाराने मुकाट दिला होता. पण बाकीचं — ते गोड बोलणं! ती गच्ची!

आणि लाडोबा सरळ काउंटरच्या आत आला. मला हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग डोकं माझ्या मांडीवर ठेवून शेपूट हलवत उभा. भाऊबंद भेटल्यासारखा. मोठ्याबाई म्हणाल्या, आश्चर्य आहे, कोणाकडे जात नाही तो.

२५ मार्च

पोटालासुद्धा लावलं होतं.

२६ मार्च

बाटली फेकायला काढली होती. नाही फेकली. केस तर बरे आहेत ना? शिवाय अर्धी शिल्लक आहे. फक्त पळणं बंद.

सासूबाईंना सांगितलं. इतक्या हसल्या की पदर डोळ्याला लावावा लागला. मग म्हणाल्या, पण बाई, गोड बोलणं चालू ठेव. त्याने कोणाचं वाईट झालेलं मी बघितलं नाही.

२८ मार्च

ठरायला आता तीन दिवस, आणि आज मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

स्कार्फवाली आली. दारात थांबली. नवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वळली. मी फोनवर होते. फोन तसाच ठेवला, नवीला खुणावलं आणि मागे गेले. जिन्यात गाठली. म्हटलं, का जातेस? आज गर्दीही नाही.

कठडा धरून उभी. मग खाली बघतच म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हाला बघून धीर आला होता. वाटलं, इथे चालत असेल. आज तुमचेपण छान झालेत."

इतका महिना ज्याची लाज वाटली, त्याच्यावर कोणी तरी टेकून बसलं होतं! गलबलून आलं. पायरीवरच बसले आणि तिला सगळं सांगितलं. म्हातारबांपासून सुरुवात केली. केरसुणी, समईची वात, वायसर, प्लायवुडची भिंत. पोटाचंही. कित्ती गुणाचीचंही. गच्चीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ती माझ्या शेजारी बसली होती. लाडोबाने मला हुंगलं तिथे तिचं हसू फुटलं. दोन्ही हातांनी तोंड दाबलं तर स्कार्फ सुटून मानेवर आला. तिने तो पुन्हा बांधला नाही. टाळू लाल, तेलाने चिकटलेले केस, खपल्या. बिचारी! माझं डोकं म्हणजे हिच्यापुढे काहीच नव्हतं.

म्हटलं, चल, डॉक्टरांना सांगते फोन बंद ठेवा. उठलो, वळलो —

खालच्या वळणावर मोठ्याबाई. हातात लाडोबाचा पट्टा. कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे. लाडोबा शेपूट हलवतोय, त्या काही हलत नाहीत. वर आल्या, मुलीला म्हणाल्या, "ये. नंबर मी देते." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भिंतीला कान लावणारी बाई. आतलं पेशंटचं बोलणं ऐकणारी. आता काउंटर कसलं, फायलींची खोली मिळाली तरी नशीब. पण ती मुलगी आज डॉक्टरांपर्यंत पोचली. ते काही माझ्याकडून कोणी काढून घेणार नाही.

२९ मार्च

डोकं धुतलं. गोड बोलायला काही सुचेना.

३१ मार्च

नवी जागा बघितली. काचेचं काउंटर नवीला. मोठ्याबाई म्हणाल्या, यापुढे भिंतीला कान दिसला तर कान ठेवणार नाही. मी मान हलवली, फडकं घेतलं आणि फायलींच्या खोलीत टेबल पुसू लागले. तर मागून म्हणाल्या, तिथे नाही. दाराबाहेर नेलं. जिना संपतो तिथे एक लहान टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

"परत जाणारे इथूनच जातात," म्हणाल्या. "त्यांना बसवा. लाडोबाचं सांगा."