रिकाम्या गाडीची चाचणी

८ जानेवारी २००७

गेलं सगळं. तीन वर्षांचं काम एका मीटिंगमध्ये गेलं.

मालकांनी ठरवलं, नव्या तीनचाकी गाडीला पुढे एक चाक, मागे दोन. का, तर रिक्षाचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं जोडलेलं तयार मिळतं. मागे बसवलं की झालं काम. आमच्या आराखड्यातल्या गाडीला पुढे दोन चाकं, मागे एक, आणि त्या एकाला मोटरसायकलसारखी चेन. आमची म्हणजे माझी आणि रघूची. दोन्ही सीट शेजारी शेजारी, पुढच्या दोन चाकांच्या मधे. वळणावर कशी जमीन धरून राहिली असती.

मी रघूकडे बघत बसले होते. आता बोलेल, मग बोलेल. मालकांनी विचारलं, "रघुनाथ, ओके?" हा म्हणाला, "सरी सर." ठीक आहे म्हणे.

बाहेर येऊन मला म्हणतो, छोटी कंपनी आहे वृंदा, ऐकावं लागतं. डबा तसाच घरी आणला.

१५ जानेवारी

पोंगल. कंपनीच्या शेडला सुट्टी. रघूच्या घरी पहिल्यांदाच गेले. चेन्नईतच, मैलापुरात. आईने सांगलीहून पाठवलेली साडी नेसले होते, उगाच.

त्याची अम्मा माझ्याशी मराठीतच बोलली. त्यांची तंजावरची मराठी, जुनी, तमिळ चालीवरची. गोड वाटते कानाला. माझी मात्र तिला झेपेना. म्हणाली, तू बोलतीस ते भांडल्यासारखं वाटतं. मी हसले. म्हटलं, आमच्याकडे प्रेमाने बोललं तरी असंच ऐकू येतं.

सारभात वाढता वाढता तिने सांगून टाकलं. कुंभकोणमला रघूच्या मामाची मुलगी आहे. लहानपणापासून ठरल्यासारखंच आहे. आता वैशाखात उरकायचं. माझ्या पानात तूप वाढत सांगितलं, अगदी शांतपणे.

रघू खाली मान घालून जेवत होता. मी वाट बघितली. त्याने आणखी भात मागितला.

१६ जानेवारी

डोकं दुखतंय. शेडला गेले नाही. त्याचा फोन नाही.

२ फेब्रुवारी

गाडी उभी राहिली. दिसते छान, मेली. पिवळा रंग. पुढे एकट्या ड्रायव्हरची सीट, मागे दोघांची. चारी बाजूंनी लिंबं फोडून झाली, कापूर झाला, आणि शेडमागच्या मैदानात चाचणी.

टेस्टिंगचे वेलू सर जन्मभर ट्रकच्या कारखान्यात राबलेले. त्यांचा एकच मंत्र, आधी लोड भरा, मग बघा. ट्रक भरलेला असला की उलटतो, म्हणून भरूनच तपासायचा. यांनी त्याच सवयीने मागच्या सीटवर वाळूची पोती टाकली आणि गाडी ड्रमांमधून नागमोडी पळवली. मस्त वळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, आता पोती काढा.

वेलू सर हसले. "मॅडम, रिकामी गाडी कशाला उलटेल?"

कप्पाळ. हा ट्रक नाही. मागे वजन बसलं की ते दोन चाकांवर बसतं, मग गाडी घट्ट. तेच वजन काढलं तर उरतो पुढचा ड्रायव्हर, एका चाकाजवळ. तीन पायांच्या स्टुलावर एकट्या पायाच्या बाजूला सरकून बसा आणि जरा कलून बघा. त्यात वळता वळता ब्रेक मारला तर विचारूच नका. या गाडीला रिकामं असणंच वाईट.

कुणी ऐकलं नाही. पोती आत, रिपोर्ट पास. रघू गाडीचं दार पुसत होता.

१९ फेब्रुवारी

शेवटी रघूला टपरीवर गाठलं. म्हटलं, आपल्या दोघांचं राहू दे बाजूला, पण एकदा गाडी रिकामी चालवून बघा.

तो म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"रिकामी उलटेल. मी पण हिशेब केलाय."

मग मालकांना सांग ना. तर म्हणे, त्यांनी घर गहाण टाकून हे उभं केलंय, मार्चमध्ये विकत घेणारे येणार आहेत, आता कसं सांगू. मी हळू वळवीन. परवाइल्ल, चालून जाईल.

एवढंच म्हणून थांबला असता तर बरं झालं असतं. पुढे म्हणाला, साखरपुडा ठरला. मी विचारलं, तुला हवंय का हे? "मला काय हवंय ते तुला माहीत आहे, वृंदा. पण अम्माला कसं सांगू."

म्हणजे याला सगळं माहीत असतं. गाडीचं माहीत, माझं माहीत. फक्त तोंड उघडायचं तेवढं राहून जातं. असा संताप आला, चहा तिथेच ओतून दिला. बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने न विचारता तिच्या वेणीतला गजरा काढून अर्धा माझ्या हातात ठेवला. त्याने आणखीच रडू आलं.

५ मार्च

राजीनामा दिला. पुण्याची नोकरी पक्की. आईला फोन केला, ती म्हणाली, ये बाई, तिकडच्या भाताने तशीही वाळलीस. रघूबद्दल काही विचारलं नाही. कळलं असावं.

मालकांना जाता जाता सरळ सांगितलं, रिकामी गाडी उलटेल. ते म्हणाले, तुझं डिझाइन घेतलं नाही म्हणून बोलतेस. जिवावर येतं पुन्हा पुन्हा तेच सांगायला.

१३ मार्च

सामान बांधलं. मांबलमचं घर एवढं मोठं होतं हे आज कळलं.

दुपारी वेलू सरांचा फोन. निरोपाचाच, पण बोलता बोलता म्हणाले, उद्या सकाळी विकत घेणारे येतायत. मागची सीट मोकळी दिसली पाहिजे म्हणून मालकांनी पोती काढून टाकायला सांगितलीत. आणि त्या लोकांना वेग बघायचाय, नागमोडी वळणं आणि शेवटी ब्रेक. चालवणार रघुनाथ.

मी म्हटलं, सर, पोती ठेवा. ते म्हणाले, "मालक ऐकत नाहीत, मॅडम."

रघूला फोन लावला. उचलला. म्हटलं, चालवू नकोस. तो म्हणाला, आता नाही कसं म्हणू, सगळे येणार आहेत. जपून चालवीन. तू तुझी रेल्वे चुकवू नकोस.

वाटलं, जाऊ दे, मरू दे. खरंच वाटलं. मग स्वतःचीच भीती वाटली.

माझी रेल्वे उद्या संध्याकाळी आहे. सकाळी लोकलने तांबरमला उतरून शेडकडे जाणारी ओरगडमची बस पकडणार. साडी नाही, पंजाबी ड्रेस. कुणाला काही विचारणार नाही. दार उघडायचं आणि मागच्या सीटवर मधोमध बसायचं. माझ्या वजनाने गाडी जमिनीला धरून राहील. पोत्यांइतकी नाही, पण बऱ्यापैकी. गेल्या आठवड्यात हा हिशेबही करून झालाय, का केला कोण जाणे.

मालक उतर म्हणाले तर उतरणार नाही. पाहुण्यांसमोर तमाशा झाला तरी चालेल. रघू आरशातून बघून उतर म्हणाला, तर काय करीन ते मात्र मला अजून माहीत नाही.