जावेदला जामीन कोण

१४ नोव्हें., शुक्र.
जावेदला जामीन मंजूर. नगरहून मामांचा, म्हणजे सासूबाईंच्या भावाचा, फोन आला तेव्हा अम्मी नमाज पढून जानमाजवरच होत्या. तिथेच रडल्या. नसीमने शेजारी साखर वाटली. नवरा सुटणार, तिने वाटावीच. माझ्या दारापर्यंत आली आणि मागे फिरली. बरं केलं.
माझे हे जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. शेवगावला लिंबं उतरवून दोघे भाऊ परत येत होते. पिकअप पुलाच्या कठड्यावर. जावेदला हाताला टाके, हे जागीच. तिथून निघताना यांचा मला फोन आला होता. "जावेदने घेतलीये. चावी देईना." पोलिसांनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. तेव्हापासून या घरात माझ्याशी कामापुरतं बोलतात.

१५ नोव्हें., शनि.
अम्मी मोबाईल घेऊन आल्या. कोर्टाच्या ऑर्डरचा फोटो. "शाहीन, तू शिकवतीस, तूच वाच."
वाचून सांगितलं. जावेदने स्वतः लिहून द्यायचं तो जातमुचलका. शिवाय एक जामीनदार. दर तारखेला जावेद येईल याची हमी त्याने घ्यायची. नाही आला तर रक्कम त्याच्याकडून वसूल.
"म्हंजी आजून आतच हाय का त्यो?"
"जामीनदार मिळेपर्यंत आतच."
"मग मंजूर काय झालं?"
दोनदा समजावलं. शाळेत मुलांना समजावते तसं. तिसऱ्यांदा जिवावर आलं.

१७ नोव्हें., सोम.
जामीनदाराचा शोध. स्वतःच्या नावचा सातबारा पाहिजे, नाहीतर कायम नोकरी. आमचा सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर. वारस नोंद राहिलीच. हे म्हणायचे, करू की, जमीन काय पळून चाललीय.
मामांचं शेवगावला शेत आहे, त्यांच्याच नावावर. आज अम्मींना म्हणाले, "मी राहिलो असतो गं आपा, पोरं नको म्हनत्यात." दफनाच्या दिवशी हेच मामा अंगणात सगळ्यांसमोर, जावेद मला पोटच्या पोरासारखा. पोटच्या पोरांनी नको म्हटलं, संपलं.

१९ नोव्हें., बुध.
कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर एकजण बसतो म्हणे, जामीनदार आणून देतो. वकिलाच्या कारकुनानेच मामांना दाखवला. "मानूस पक्का हाय, सातबारा कोरा हाय, तुमी फक्त मागं हुबं रहा." आज त्या पक्क्या माणसाला उभं केलं. मामा सांगत होते, मी आतून ऐकत होते.
"साहेबानं इचारलं, आरोपी तुमचा कोन? ह्यो म्हनला, मित्र. नाव काय मित्राचं? तर म्हनतो जाकीर. मी मागनं हळूच म्हनलं जावेद, तर म्हनतो, व्हय व्हय, जाकीर जावेद."
मग साहेबांनी त्याचं रेशनकार्ड उलटं केलं. मागे आधीच्या जामिनाचा शिक्का. शेजारी आणखी एक, पुसट, खोडलेला. धंद्याचाच जामीनदार, हाकलून दिलं. टपरीवाला माणूस तोपर्यंत टपरीवर नव्हता.
नसीम हसली. मग रडली. मलाही हसू आलं होतं. यांना सांगायला हवं होतं, हे खूप हसले असते.

२० नोव्हें., गुरु.
वकिलाचा निरोप. घरात सरकारी पगार कुणाचा? माझा.

२१ नोव्हें., शुक्र.
अम्मी स्वतः चहा घेऊन आल्या. या घरात पहिल्यांदा.
मागच्या महिन्यात मी शाळेत पुन्हा रुजू होते म्हटलं, तर केवढं ऐकवलं होतं. "इद्दत हाय. नवरा गेल्यावर चार म्हैने दहा दिवस बाईनं उंबरा वलांडायचा न्हाई." यांच्या मृत्यूचा दाखलासुद्धा मला आणू दिला नाही. मामांनी आणला, त्यात वय चुकीचं.
आज: "मौलानांना इचारलंय. गरज असली तर जाता येतं."
"शाळेत जायची गरज नव्हती का?"
"ते येगळं."
चहा गार झाला. अम्मी उठेनात. शेवटी मीच कप उचलला.
माझ्या माणसाला घेऊन गेला आणि परत आणला नाही. तो तारखेला येईल, याची हमी मी घ्यायची.

२३ नोव्हें., रवि.
दुपारी नसीम आली. खिडकीशी बसून राहिली. तिचा राग येत नाही मला, हेही एक.
"भाभी, वकील म्हनले, तुमीच जामीन राहिलात तर पुढं केसबी हलकी हुईल. लोक म्हनतील, तिलाच तिचा जबाब खरा वाटत न्हाई. आन् नायतरी गाडी भाईजानच चालवत हुते असं..."

"असं कोण म्हणतं?"
"वकील."
"आणि जावेद?"
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग पोळ्या राहिल्यात म्हणून गेली.

२४ नोव्हें., सोम.
काही लिहावंसं वाटत नाही. यांना मेल्यावर गाडी चालवायला लावली.

२५ नोव्हें., मंगळ.
अम्मींना सरळ विचारलं. त्यांना ठाऊक होतं.
"गेलेल्याला आता काय हुनार हाय बेटा? जो हाय त्याला वाचवू."
"नाव खराब होतं."
"कुनाच्या तोंडात राहतंय नाव? चार दिवस."
त्यांचाही मुलगाच गेला, हे मी विसरते. पण त्यांना अजून एक आहे.

२६ नोव्हें., बुध.
हेडसरांनी पगाराचा दाखला पाठवला. सोबत चिठ्ठी, "बाई, विचार करून." दाखला, आधार, रेशनकार्ड. कार्डावर पहिलं नाव यांचंच. नाव कमी करायला गेलेच नाही. गेले असते तरी कोण जाऊ देणार होतं. सही केली तर शिक्का याच कार्डाच्या मागे बसेल. केस संपेपर्यंत राहतो म्हणे.
नाही म्हटलं तर जावेद आत राहील. अम्मी रोज दारात बसून राहतील आणि नसीम माझ्या खिडकीशी. हो म्हटलं तर माझा जबाब माझ्याच सहीने हलका.

२७ नोव्हें., गुरु.
उद्या सकाळी सातला जीप येईल. मिरजगावहून नगर, अम्मी पुढे, नसीम आणि मी मागे. जावेदलाही उद्या तारखेला आणणार आहेत.
नसीमने विचारलं, "भाभी, सही करनार ना?"
म्हटलं, आधी त्याला भेटू दे.
वकील नको, अम्मी नकोत. त्याने माझ्याकडे बघून एवढंच सांगावं, चावी कुणाच्या हातात होती. खरं बोलला तर सही करेन, असं काल ठरवलं होतं. आज तसंही वाटत नाही. खरं बोलला तर करवेल का?
कार्ड पिशवीत घातलं. पेन अजून टेबलावरच आहे.